टाकी किती उंचावर आहे?

बाईंनी चौतीस वर्षं गणित शिकवलं होतं, आणि आपल्या हाताखालून गेलेलं एकही मूल आपल्या आठवणीतून निसटलेलं नाही, असं त्या छातीठोकपणे सांगत. बाजारात एखादा टक्कल पडलेला, पोट सुटलेला गृहस्थ समोर आला की त्या त्याच्याकडे क्षणभर रोखून बघत आणि म्हणत, "आठवी ब. खिडकीजवळचा बाक. अपूर्णांकांच्या नावानं बोंब." तो गृहस्थ पन्नाशीतही कानाच्या पाळीपर्यंत लाल होई. बाईंची धाकटी बहीण निवृत्त परिचारिका होती आणि त्यांच्याचकडे राहत होती. तिला या प्रकाराची मनस्वी चीड यायची. "ताई, अगं लोकांना सुखानं कांदे घेऊ दे की!" ती म्हणायची.

शनिवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत पुस्तकप्रेमींचं एक मंडळ जमे. मंडळ म्हणायचं एवढंच, माणसं मोजून चार. तिशीतली ग्रंथपाल पोरगी, जिनं हे खूळ सुरू केलं होतं. निवृत्त दातांचे डॉक्टर. चाळीस वर्षं त्यांनी तोंड उघडं असूनही बोलता न येणाऱ्या माणसांशीच गप्पा मारल्या होत्या, त्यामुळे समोरून उत्तर आलं की ते दचकत. कोपऱ्यावर शिवणकामाचं दुकान असलेल्या काकू, ज्या एकदा वाचलेलं पान शब्द न चुकता म्हणून दाखवत. आणि चौथ्या बाई.

त्या महिन्यात पाचवा माणूस आला. शेहेचाळीसचा असेल, रुंद पंजे, नखांच्या कडेला न जाणारा काळपटपणा. मोठ्या इस्पितळात प्लंबर होता. ग्रंथपालानं नाव विचारलं तर म्हणाला, "सगळे पाना म्हणतात. तेच चालेल."

"पुस्तकाचं पान की नट आवळायचा पाना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आतापर्यंत दुसराच," तो म्हणाला, आणि शेवटच्या खुर्चीवर बसला.

त्या महिन्याचं पुस्तक भविष्यातल्या शिक्षणावरची विज्ञानकादंबरी होतं. शंभर-दीडशे वर्षांनंतरचं एक शहर. मूल सहा वर्षांचं झालं की त्याला मोजणीघरात नेतात. कपाळाला एक थंडगार चकती लावतात, आणि यंत्र त्याच्या मनगटावर तीनपैकी एक शिक्का उमटवतं: डोकं, हात किंवा गळा. डोकंवाल्यांना शिकवायचं. हातवाल्यांना कामाला लावायचं. गळावाल्यांनी गाऊन-बोलून बाकीच्यांची करमणूक करायची. नायिकेच्या मनगटावर 'हात' उमटतो. तिला शाळेतल्या हवेच्या नळ्या साफ करायच्या कामावर धाडतात, आणि ती जाळीमागे पालथी पडून, कान देऊन, वर्षानुवर्षं आतले धडे चोरून ऐकते.

पहिल्या शनिवारी निम्म्या पुस्तकाची चर्चा ठरली होती. डॉक्टरांनी सुरुवातीलाच नाक मुरडलं. बाईंनाही पुस्तक फारसं रुचलं नव्हतं.

"अतिशयोक्ती आहे," त्या म्हणाल्या. "लिहिलंय छान, पण कुठलाही शिक्षक एखाद्या लेकराला असं एका झटक्यात निकालात काढणार नाही. मी एवढी वर्षं त्या धंद्यात काढली आहेत."

ग्रंथपालानं पानाकडे पाहिलं. "तुम्हाला कसं वाटलं?"

पाना जरा घुटमळला. "त्या नळीचं वर्णन चुकलंय," तो म्हणाला. "एवढ्या अरुंद नळीत नऊ वर्षांचं पोरसुद्धा कोपऱ्यावर वळणार नाही, अडकेल. लेखक कधी आत शिरलेला नाही. बाकी सगळं खरं आहे."

"खरं म्हणजे?" डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे हे पुढचं नाही, होऊन गेलेलं आहे. मला बसलाय ना शिक्का. सातवीत." तो कुणाकडेच न बघता, पुस्तकाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत बोलत होता. "गणिताच्या बाई म्हणाल्या, तुझे हात चांगले आहेत, उगीच डोक्याला त्रास देऊ नकोस. दुसऱ्या दिवसापासून गणिताच्या तासाला मी कर्मशाळेत. लाकूड तासायला."

"कुठली शाळा तुमची?" बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात नुसतं कुतूहल होतं.

त्यानं मान वर केली. "तुमचीच की, बाई."

"आणि बाई कोण?"

त्यानं पुस्तक मिटलं. नाव घ्यायची गरज नव्हती. काकूंनी चहाचा कप बशीत ठेवला, त्याचा आवाज मोठा झाला.

"मी भांडायला नाही आलो हां," पाना घाईघाईनं म्हणाला. "पुस्तकाबद्दल विचारलंत, म्हणून तोंडातून गेलं."

बाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. कपाळ पाहिलं, भुवया पाहिल्या, हनुवटीवरचा व्रण पाहिला. वर्ग, तुकडी, बाक, काही म्हणजे काही वर येईना. शब्द मात्र त्यांना ओळखीचे वाटले. ते त्यांचेच होते, त्यात शंका नव्हती. असं त्या कैक मुलांना म्हणाल्या असतील, आणि प्रत्येक वेळी मनापासून, चांगल्या हेतूनंच म्हणाल्या असतील.

घरी आल्या आल्या त्यांनी कपाटाच्या माथ्यावरची पेटी काढायला लावली. वर्गांचे फोटो पलंगभर पसरले. बहीण दारात उभी राहून बघत होती. तासाभरानं सापडला, हनुवटीवरच्या व्रणावरून: तिसऱ्या रांगेत, टोकाला, पुढच्या मुलाच्या खांद्याआड अर्धा झाकलेला. फोटोच्या मागे बाईंच्याच अक्षरात नाव लिहिलेलं होतं. ते वाचूनही आत काही हललं नाही.

"कोण ग हा?" बहिणीनं विचारलं.

"तुमच्या इस्पितळात प्लंबर आहे. पाना म्हणतात."

"तळघरातला पाना?" बहीण पलंगावर फोटोंच्या मधेच बसली. "अगं, त्या माणसाशिवाय तिथं वरच्या मजल्यावर थेंब चढायचा नाही! शस्त्रक्रियेच्या खोलीतलं पाणी मधेच गेलं की साहेब लोक नकाशे उलगडत बसायचे, आणि हा भिंतीला कान लावून सांगायचा, इथं फोडा. तिथंच निघायचं. पण पर्यवेक्षक काही होत नाही बिचारा. त्या परीक्षेला गणिताचा पेपर असतो ना. दोनदा फॉर्म भरला आणि दोन्हीदा स्वतःच जाऊन मागे घेतला. त्यानं शिकवलेली पोरं आता त्याला हुकूम सोडतात."

बाईंनी फोटो परत पेटीत भरले. एक बाहेर ठेवला.

पुढच्या शनिवारी त्या अर्धा तास आधीच वाचनालयात पोचल्या आणि जिन्यात उभ्या राहिल्या. गुडघा दुखत होता, पण बसल्या नाहीत. पाना आला तसं त्यांनी विचारलं, "परीक्षेचा फॉर्म कधी भरायचाय?"

तो तिथल्या तिथे थबकला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ते सोड. तारीख?"

"बाई, मी शेहेचाळीस वर्षांचा आहे."

"मी एकाहत्तरची. मग?"

"तुम्ही मनाला लावून घेतलंय. खरंच राग नाही माझा."

"तुझा राग आहे की नाही, हे मी विचारलेलंच नाही," बाई म्हणाल्या. गेल्या शनिवारी त्यांनी त्याला 'तुम्ही' म्हटलं होतं. आता 'तू' कधी झालं, हे त्यांना कळलं नाही. त्याला कळलं, आणि त्याच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. "मंगळवार आणि गुरुवार. तुझी पाळी पाचला सुटते, मी चौकशी केली आहे. साडेपाचला इथं, खालच्या टेबलावर. वही माझी, पेन्सिल तुझी."

पानानं जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "येऊन बघतो."

आला. पहिले दोन दिवस बरे गेले. बेरजा-वजाबाक्या तर त्याच्या तोंडावर होत्या. रोज पाइप कापणारा माणूस अपूर्णांकांना काय भिणार? बाई खूश झाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या परीक्षांतलं एक उदाहरण काढलं. दोन इंची पाइपाच्या जागी चार इंची टाकला, तर पाणी किती पट येईल?

"चौपटीहून जास्त," पाना लगेच म्हणाला.

"चौपट. क्षेत्रफळ चौपट झालं, पाणी चौपट."

"नाही बाई, जास्त येतं."

"पुस्तकात चौपट दिलंय."

"पुस्तकात असेल. पाइपात नसतं."

बाईंनी चष्मा काढला. चौतीस वर्षं वर्गात जो आवाज लावला होता तो आपसूक बाहेर आला. "आधी विचारलंय तेवढं करावं. शहाणपणा नंतर."

पानानं पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. त्याचा चेहरा शटर ओढल्यासारखा बंद झाला. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. पुढचा अर्धा तास तो बाई सांगतील ते उतरवत राहिला, "हो", "बरोबर" म्हणत राहिला, आणि साडेसहाच्या ठोक्याला उठून गेला.

गुरुवारी तो आला नाही. शनिवारीही मंडळात नव्हता. पुढच्या मंगळवारी बाई साडेपाच ते साडेसहा रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिल्या. तो बंद झालेला चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना. माणूस त्यांना आठवला नव्हता. पण तो चेहरा त्यांच्या पक्का ओळखीचा होता. दर वर्षी, दर वर्गात, पाच-सहा बाकांवर तो असायचा. त्याला त्या 'ढ' म्हणत आल्या होत्या. पोराचं डोकं रिकामं आहे, म्हणून तो तसा दिसतो, असा त्यांचा समज होता. आता त्यांच्या देखत, एका वाक्यासरशी, तो एका भरल्या डोक्याच्या माणसाच्या तोंडावर आला होता. आणि ते वाक्य कुणाचं होतं, हे शोधायला लांब जावं लागणार नव्हतं.

"सोडून दे, ताई," बहीण म्हणाली. "तुझंही वय झालंय."

"उद्या मला तळघराचा रस्ता दाखव," बाई म्हणाल्या.

इस्पितळाच्या तळघरात उतरायला बेचाळीस पायऱ्या होत्या. बाईंनी त्या एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं बहिणीचा दंड धरून पार केल्या. खाली गरम, दमट हवा, तेलाचा वास, आणि भिंतभर रंगवलेले पाइप: निळे, लाल, हिरवे. तीन पंप लोखंडी चौथऱ्यांवर घरघरत होते. पाना एका झडपेवर वाकला होता. बाईंना बघून तो सरळ झाला आणि हातातलं फडकं उगाचच झटकायला लागला.

"काय झालं? वर काही गळतंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "चौपटीहून जास्त कसं, ते मला दाखव."

तो त्यांच्याकडे पाहत राहिला. थट्टा आहे की काय, हे तपासत असावा.

"मला खरंच माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी आयुष्यात पाइप हातात धरलेला नाही. शिकव."

बहिणीला जुन्या मैत्रिणी भेटल्या, ती वर गेली. पानानं बाईंना एक उलटी बादली दिली बसायला. मग त्यानं कापलेल्या पाइपाचे दोन तुकडे आणले, एक बारीक, एक जाड, आणि आतून बोट फिरवून दाखवलं. "पाणी भिंतीला घासत जातं बाई. घासलं की मंद होतं. बारीक पाइपात सगळं पाणी भिंतीच्या जवळच. जाडात मधलं पाणी मोकळं पळतं. म्हणून चौपट आणि वर थोडं." बाईंनी वही काढली. परीघ, क्षेत्रफळ, दोघांचं गुणोत्तर. दोन ओळींत ते त्यांच्या समोर आलं, आणि इतकं स्वच्छ आलं, की त्यांच्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं. हे आपण कधीच कसं मांडून पाहिलं नाही?

मग त्यानं त्यांना दाबमापकांची रांग दाखवली. टाकी अकराव्या मजल्याच्या गच्चीवर. खाली येईल तसा पाण्याचा दाब वाढत जातो, दर दहा मीटरला काटा एक घर पुढे. म्हणून तळमजल्याच्या नळाला फवारा, आणि दहाव्या मजल्यावरच्या परिचारिका सतत तक्रार करणार. "तुमच्या बहिणीनं मला फार शिव्या दिल्यात," तो म्हणाला आणि पहिल्यांदा मोकळं हसला.

"म्हणजे नळाला किती पाणी येणार, हे टाकी किती उंचावर आहे त्यावर ठरतं," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

पानाचं हसू थांबलं. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि त्यांच्या समोर, जमिनीवरच, उकिडवा बसला.

"हेच विचारलं होतं मी," तो म्हणाला.

"कधी?"

"सातवीत. तुम्ही फळ्यावर उदाहरण दिलं होतं. एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही एकदम सोडले, तर किती वेळात भरेल? मी हात वर केला आणि विचारलं, बाई, टाकी किती उंचावर आहे? सगळा वर्ग खो खो हसला. तुम्हीही हसलात जरा. मग म्हणालात, खाली बस. आणि तास संपल्यावर बोलावून ते हातांचं म्हणालात." तो थांबला. "आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो. खालच्यांनी नळ सोडला की आमचा बंद. आमच्या घरातले दोन नळ एकदम सोडले की दोघांचीही धार करंगळीएवढी. मग चार आणि सहाचा हिशोब कसा जमणार? हे मला खरंच विचारायचं होतं. आगाऊपणा नव्हता."

बाईंची पेन्सिल थांबली होती.

"उत्तर येत होतं मला," पाना म्हणाला. "दोन तास चोवीस मिनिटं."

बाईंनी वही मिटली. ते उदाहरण त्यांनी दर वर्षी घातलं होतं. शेकडो मुलांनी दोन तास चोवीस मिनिटं हे उत्तर काढलं होतं आणि त्यांनी त्यांना शाबासकी दिली होती. एकानं योग्य प्रश्न विचारला, त्याला त्यांनी लाकूड तासायला पाठवलं. आणि तो त्यांना आठवतसुद्धा नव्हता.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"काय?" पानानं कानामागे हात धरला. "पंपात ऐकू येत नाही."

बाईंनी श्वास घेतला आणि भर वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझं चुकलं! तुझा प्रश्न बरोबर होता आणि मी तुला खाली बसवलं!"

पलीकडच्या पंपाशी काम करणारी दोन माणसं वळून बघायला लागली. पाना लाजेनं चूर झाला. "अहो बाई, हळू," तो म्हणाला. मग फडक्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं, आणि म्हणाला, "गुरुवारी येतो."

त्यानंतर अभ्यासाची तऱ्हाच बदलली. मंगळवारी तळघर, गुरुवारी वाचनालय. मंगळवारी पाना दाखवायचा आणि बाई लिहून घ्यायच्या. गुरुवारी त्याच गोष्टी त्या आकड्यांत मांडून त्याच्यापुढे ठेवायच्या. भांडणं व्हायचीच. परीक्षेच्या पुस्तकात जिथे तिथे 'घर्षण नाही असे समजा' असं छापलेलं. पानाला ते पटता पटेना. "घर्षण नाही, तर ते पाणी कुठलं?" शेवटी दोघांचा तह झाला. पुस्तकातल्याला खोटं पाणी म्हणायचं, तळघरातल्याला खरं पाणी. परीक्षेत खोट्या पाण्याचं उत्तर लिहायचं, आणि मनात खऱ्याचं ठेवायचं. बाईंनी खऱ्या पाण्यासाठी ग्रंथपालाकडून एक जाडजूड अभियांत्रिकीचं पुस्तक मिळवलं. ते त्यांना पहिल्या वाचनात अजिबात कळलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा बहिणीला समोर बसवून मोठ्यानं वाचलं; बहीण सातव्या पानावर घोरायला लागली, तरी त्या वाचत राहिल्या.

मधल्या काळात मंडळानं कादंबरी संपवली. शेवटी नायिका नळीतून मोजणीघरात उतरते आणि ते यंत्र फोडून टाकते. डॉक्टरांना शेवट आवडला, म्हणजे तो कुणालातरी आवडणार नाही या आशेनं त्यांनी तसं जाहीर केलं. काकूंचे डोळे पाणावले होते. ग्रंथपालानं बाईंना विचारलं.

"यंत्र फोडणं सोपं आहे," बाई म्हणाल्या. "आमच्या शाळेत यंत्र नव्हतं. मी होते. मला कोण फोडणार होतं?" मग त्या पुढे म्हणाल्या, "मी पहिल्या दिवशी या पुस्तकाला अतिशयोक्ती म्हणाले. ते मी मागे घेते. आणि पानाचंही बरोबर आहे, ती नळी फार अरुंद आहे."

"सांगत होतो ना!" पाना म्हणाला.

परीक्षा झाली. गणित, नियम आणि प्रत्यक्ष काम, असे तीन पेपर. महिन्याभरानं निकाल लागला. पाना कागद घेऊन थेट बाईंच्या घरी आला आणि दारातच उभा राहिला. प्रत्यक्ष कामात पंच्याण्णव. गणितात एकसष्ट, पास. नियमांच्या पेपरात चार गुणांनी नापास.

"झालं," तो म्हणाला. "गणित सुटलं, एवढं पुष्कळ आहे. तुम्ही खूप केलंत. आता बास."

"आत ये," बाई म्हणाल्या.

"नको बाई. ती कलमं माझ्या डोक्यात राहत नाहीत. कलम अमुक, पोटकलम तमुक. मला पाणी दाखवा, मी सांगतो काय करायचं. पण ते पाठांतर म्हणजे..."

"तुझ्या डोक्यात काय राहतं आणि काय नाही, यावर या घरात पुन्हा चर्चा व्हायची नाही," बाई म्हणाल्या. "ते माझं बोलून झालंय, आणि चुकीचं निघालंय. फेरपरीक्षा तीन महिन्यांनी आहे. चप्पल काढ."

बहिणीनं आतूनच हाक दिली, "चप्पल काढ रे बाबा, नाहीतर ती तुझ्या मागे रस्त्यानं येईल! मी ओळखते तिला."

पानानं चप्पल काढली.

पाठांतर हे बाईंचं काम नव्हतं, हे त्यांनी स्वतःच ओळखलं. त्या काकूंकडे गेल्या. काकूंनी नियमांचं पुस्तक चाळलं, "एवढंच ना?" म्हणाल्या, आणि आठवड्याभरात शिलाई मारता मारता सगळं तोंडपाठ करून टाकलं. मग रोज संध्याकाळी पाना त्यांच्या दुकानात बसायचा. काकू यंत्र चालवत आणि प्रत्येक टाक्याच्या तालावर एकेक कलम म्हणत. पाना ते मागोमाग म्हणे. कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही सांडपाण्याच्या पाइपाचा उतार किती असावा, हे कळून चुकलं. डॉक्टरांनी स्वतःहून तोंडी परीक्षा घ्यायची जबाबदारी उचलली. पाना चुकला की ते सवयीनं म्हणायचे, "दुखलं तर हात वर करा."

फेरपरीक्षेत पाना पास झाला. फार गुण मिळाले असं नाही, सत्तावन्न. पण पास. पुढच्या पहिल्या तारखेपासून त्याच्या गणवेशाच्या खिशावर 'पर्यवेक्षक' अशी पट्टी आली. तिचा त्याला इतका संकोच वाटला, की पहिला आठवडाभर तो छातीवर हात धरूनच फिरला. बाईंच्या बहिणीनं इस्पितळातल्या तमाम जुन्या मैत्रिणींना फोन करून कळवलं, आणि दहाव्या मजल्यावरून लगेच पाण्याची तक्रार आली.

त्या शनिवारी मंडळात सगळ्यांनी चहा प्यायला, डॉक्टरांनी भाषण केलं, ते कुणी अडवलं नाही. सगळे जिना उतरायला लागले तेव्हा बाईंनी पानाला थांबवलं. पेटीतून बाहेर ठेवलेला तो वर्गाचा फोटो त्यांनी टेबलावर ठेवला आणि शेजारी वही उघडली.

"त्या वर्षी गणिताच्या तासाला कर्मशाळेत आणखी कोण कोण होतं?" त्यांनी विचारलं.

पाना फोटोवर वाकला. "बाई, जाऊ द्या ना आता."

"कोण कोण?"

त्यानं एकेका चेहऱ्यावर बोट ठेवलं. सहा जण होते. एक जण परदेशी गेला, दोघांचा पत्ता नाही, एक वारला. एक बस चालवतो. आणि ही, दोन वेण्यांची, जिला सगळे मुंगी म्हणायचे, हिची पुलापलीकडे बेकरी आहे. "हिला नकाशे काढायचा नाद होता," पाना म्हणाला. "कर्मशाळेत लाकडावर नकाशे कोरायची. प्रमाणबद्ध. पण बाई, ती माझ्यासारखी नाही. ती रागावलेली आहे. अजून."

बाईंनी नंबर लिहून घेतला. घरी जाऊन फोन लावला. पलीकडून आवाज आला. बाईंनी शाळेचं नाव सांगितलं, स्वतःची ओळख सांगितली. थोडा वेळ नुसती भट्टीची आणि ट्रे आपटण्याची खडखड ऐकू आली. मग ती म्हणाली, "मला वेळ नाही," आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी बाई पूल ओलांडून गेल्या. बेकरी लहान होती, पण गिऱ्हाइकांची रीघ होती. काउंटरमागे पीठ लागलेल्या हातांची, भरदार दंडांची एक स्त्री भराभर पाव बांधून देत होती. बाई रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर आला तेव्हा तिनं मान वर केली आणि तिचे हात थांबले.

"मी फोनवर सांगितलं ना," ती म्हणाली.

"सांगितलंस."

"मागे लोक खोळंबलेत."

"दिसतंय मला," बाई म्हणाल्या. "गर्दी किती वाजता कमी होते?"

ती काही क्षण त्यांच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत मऊपणा अजिबात नव्हता. "अकरानंतर," ती शेवटी म्हणाली. "पण मी बोलेनच असं नाही."

"नको बोलूस. मला बोलायचंय," बाई म्हणाल्या. "बसायला काही आहे का?"

तिनं पायानं एक स्टूल काउंटरबाहेर सरकवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. बाईंनी ते भिंतीशी, कुणाच्या वाटेत येणार नाही असं नेऊन ठेवलं. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.